शोध फुकट, मग पैसे कुठे जातात?

गूगलवर शोधायला एक रुपयाही लागत नाही. तरीही शोधता शोधता पैसे जातात. कुठे जातात? मोफत सरकारी सेवेसाठी एखाद्या खासगी संकेतस्थळाला ‘प्रोसेसिंग फी’ भरली जाते. बनावट बुकिंगला आगाऊ रक्कम जाते. शोधात सापडलेल्या खोट्या हेल्पलाइनला ओटीपी सांगितला जातो आणि खातं रिकामं होतं. तुम्हाला सातबारा काढायचा असो, शिर्डीत खोली हवी असो, कांद्याचा आजचा भाव बघायचा असो किंवा मुलाचा दाखला हवा असो, अहिल्यानगर जिल्ह्यात बसून हे शोधताना काय टाकायचं, कुठे थांबायचं आणि किती भरायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी दर बघा

हे आकडे घरात सगळ्यांना दिसतील असे लिहून ठेवा. शोधाच्या पानावर यापेक्षा मोठा आकडा दिसला तर तिथेच थांबा.

सातबारा नुसता पाहणं मोफत. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपये. आठ-अ आणि फेरफाराचा डिजिटल उताराही १५ रुपये. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत, कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत, आधार आणि पॅन पुरतं. मतदार यादीत नाव घालणं मोफत. ई-आधार डाउनलोड करणं मोफत. ज्यांच्याकडे आधी पॅन नव्हतं आणि ज्यांच्या आधारला मोबाईल जोडलेला आहे, अशा प्रौढ व्यक्तींना प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर ई-पॅन मोफत मिळतं. छापील पॅन कार्ड घरपोच हवं असेल तर १०७ रुपये. पासपोर्ट, ३६ पानी, प्रौढांसाठी, साध्या रांगेतला: १,५०० रुपये. खाद्यपदार्थांचा छोटा घरगुती व्यवसाय असेल तर अन्न सुरक्षेची मूलभूत नोंदणी वर्षाला १०० रुपये. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट: दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, त्यावर जीएसटी, म्हणजे ५३१ आणि ८७९ रुपयांच्या आसपास. न्यायालयातल्या दाव्याची पुढची तारीख ई-कोर्ट्सवर पाहणं मोफत. शासन निर्णय वाचणं आणि उतरवून घेणं मोफत.

शुल्क मधूनमधून बदलतं. म्हणून भरण्याआधी ताजा आकडा त्याच खात्याच्या सरकारी पानावर पाहा. एखाद्या ब्लॉगवर किंवा व्हिडिओत सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका.

नाव नीट टाका, नाहीतर दुसऱ्याच जिल्ह्यात पोहोचाल

आपल्या जिल्ह्यात शोधाची निम्मी अडचण नावांची आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुने शासन निर्णय, निविदा, भरतीच्या जाहिराती आणि न्यायालयाच्या नोंदी ‘अहमदनगर’ याच नावाने आहेत आणि तशाच राहतील. त्यामुळे २०२४पूर्वीचं काही हवं असेल तर जुनं नाव टाका, नंतरचं हवं असेल तर नवं. खात्री नसेल तर दोन वेगळे शोध करा. इंग्रजीत टाकत असाल तर जुन्या नावाचं आणखी एक रूप लक्षात ठेवा. जनगणनेच्या कागदांत आणि जुन्या गॅझेटियरमध्ये ‘म’नंतर ‘ई’ऐवजी ‘ए’ अक्षर येतं. घराण्याचा किंवा गावाचा जुना संदर्भ शोधणाऱ्यांना त्या एका अक्षरामुळे पानंच्या पानं सापडत नाहीत.

आणि नुसतं ‘नगर’ टाकू नका. बोलताना आपण सगळे तेच म्हणतो, पण शोधयंत्राला ती कुठल्याही शहरातली वसाहत वाटते.

तालुक्यांची नावं याहून फसवी. ‘कर्जत तहसील’ टाकलं तर रायगडचं कर्जत वर येतं. ‘शेवगाव’ टाकलं तर ‘तुम्हाला शेगाव म्हणायचं आहे का’ असं विचारून बुलढाण्याच्या गजानन महाराजांच्या गावी नेतं. ‘अकोले’चं ‘अकोला’ होतं. ‘शिंगणापूर’ टाकलं तर साताऱ्यातलं शिखर शिंगणापूर मध्ये येतं. श्रीरामपूर इंग्रजीत टाकलं तर पश्चिम बंगालमधलं गाव निघतं. फोन नंबर किंवा कार्यालयाचा पत्ता शोधताना ही चूक महाग पडते. तुम्ही रायगडच्या कार्यालयाला फोन करून नगरच्या फाइलची चौकशी करत बसता, आणि समोरचा ‘असा अर्जच नाही’ म्हणतो तेव्हा अर्ज गहाळ झाला असं तुम्हाला वाटतं.

यावर सोपा उपाय म्हणजे नावापुढे पिनकोड टाका. आपलं कर्जत ४१४४०२, रायगडचं ४१०२०१. शेवगाव ४१४५०२, शेगाव ४४४२०३. अकोले ४२२६०१, अकोला शहर ४४४००१. नाव दुहेरी अवतरण चिन्हांत टाकलं, म्हणजे "शेवगाव" असं, तर यंत्र स्वतःच्या मनाने अक्षरं बदलत नाही. शोध बोलून करत असाल तर हे जास्तच सांभाळा. माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की शोध होतो, ज्येष्ठांना ते सोपं जातं, पण उच्चारातला शेवगाव आणि शेगाव यांतला फरक त्याला नेहमी कळत नाही. पिनकोडचे आकडे एकेक करून बोला.

नगर शहरात बस शोधताना आणखी एक. माळीवाडा, तारकपूर आणि स्वस्तिक चौकातलं पुणे बसस्थानक अशी तीन स्थानकं आहेत. नकाशावर ‘बसस्थानक’ टाकून जो पहिला ठिपका येईल तिकडे रिक्षा वळवू नका. तुमची गाडी कुठून सुटते ते तिकिटावर पाहून त्या स्थानकाचं पूर्ण नाव टाका.

आता कार्यालयाच्या भाषेचं. तुम्ही जो शब्द वापरता तो सरकारी पानावर असेलच असं नाही. तुम्ही ‘डोमिसाइल’ शोधता, पानावर ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असतं. तुम्ही ‘नॉन-क्रिमिलेअर’ शोधता, तिथे ‘उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र’ असतं. ‘जमीन नावावर करणे’ टाकलं की वकिलांच्या जाहिराती येतात. ‘वारस नोंद’ किंवा ‘फेरफार’ टाकलं की महसूल खात्याचं पान वर येतं. ‘एनए’ऐवजी ‘अकृषिक परवानगी’ टाका. बोलीतला शब्द दलालाकडे नेतो, सरकारी शब्द खात्याकडे. जुना एखादा दाखला घरात असेल तर त्याच्या मथळ्यावरचे शब्द जसेच्या तसे टाका, यासारखा दुसरा उपाय नाही.

वरचे निकाल कुणाचे?

‘उद्यम नोंदणी’ टाकून निकालाचं पान नीट पाहा. सगळ्यात वर जे निकाल येतात त्यांवर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असू शकतं. त्याचा अर्थ एवढाच की त्या जागेसाठी कुणीतरी गूगलला पैसे दिले आहेत. ते पान बरोबर आहे, सरकारी आहे किंवा स्वस्त आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. उघडलंत तर तिरंगी पट्टी, ‘उद्यम’ आणि ‘पोर्टल’ हे शब्द, सरकारी वाटेल असा फॉर्म, आणि शेवटी भरणा. जी नोंदणी सरकार मोफत देतं, तिचे पैसे इथे मागितले जातात.

अशी सगळीच पानं फसवी असतात असं नाही. काही खरोखर खासगी सल्लागार असतात आणि पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘आमचा सरकारशी संबंध नाही’ असं लिहितात. म्हणून सवय लावा: कुठलंही अनोळखी पान उघडलं की फॉर्म भरण्याआधी तळापर्यंत जा आणि ते बारीक अक्षर वाचा. तुम्ही इथे भरलेली माहिती हे सल्लागार उचलून सरकारी पानावर भरतात, एवढंच काम. त्यासाठी पैसे द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न, पण आधार, पॅन आणि मोबाईल नंबर एका खासगी माणसाकडे कायमचे गेले, ही त्यातली खरी किंमत आहे. पुढचे सहा महिने कर्जाचे आणि विम्याचे फोन येतात ते यातूनच.

जाहिरात कुणाची आहे ते पाहता येतं. निकालाशेजारच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा, जाहिरातदाराचं नाव आणि तो कुठला ते कळतं. सरकारी खात्याचं नाव तिथे दिसलं नाही तर खाली सरका.

हल्ली वरच्या बाजूला एआयने लिहिलेला सारांशही येतो. विषय समजून घ्यायला तो ठीक. शुल्क, शेवटची तारीख, लागणारी कागदपत्रं आणि फोन नंबर या चार गोष्टी मात्र त्यातून घेऊ नका. त्याने माहिती जिथून उचलली त्या पानाचा दुवा शेजारी असतो, तो उघडा. तिथे गेल्यावर बऱ्याचदा ती दुसऱ्या राज्याची किंवा जुन्या वर्षाची निघते.

पत्ता शेवटाकडून वाचा

पान खरं आहे का, हे रंगावरून किंवा बोधचिन्हावरून ठरत नाही. ते पत्त्यावरून ठरतं. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या आधीचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असेल तर ते सरकारी. ही अक्षरं खासगी माणसाला मिळत नाहीत. तीच अक्षरं पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये असतील आणि शेवट ‘डॉट कॉम’ने होत असेल, तर पान सरकारी नाही. ‘डॉट इन’, ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट ओआरजी’ हे शेवट कुणालाही विकत मिळतात. विद्यापीठं आणि महाविद्यालयांचा शेवट ‘डॉट एसी डॉट इन’. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट ठरवून दिला आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत तिकडे जायला सांगितलं. तुमच्या बँकेचं पान उघडताना आता हा शेवट शोधा.

फोनवर पत्ता अर्धवट दिसतो. पत्त्याच्या पट्टीवर बोट ठेवा, पूर्ण दिसेल. एवढं केल्याशिवाय आधार क्रमांक टाकू नका.

पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे पान विश्वासाचं, हा गैरसमज सोडा. तुमच्यात आणि त्या पानात चाललेली देवाणघेवाण मधल्यामध्ये कुणी वाचत नाही, एवढंच ते चिन्ह सांगतं. समोर चोर बसला असेल तरी कुलूप दिसू शकतं.

शिर्डी आणि शिंगणापूर: इथे सगळ्यात जास्त सांभाळा

घरी पाहुणे येणार, शिर्डीला खोली हवी, म्हणून तुम्ही ‘शिर्डी भक्तनिवास बुकिंग’ टाकता. एखाद्या निकालात भक्तनिवासाचा खरा फोटो असतो, खाली मोबाईल नंबर. फोन लावला की नम्र आवाज: ‘ओम साईराम, किती लोकं आहात?’ मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड येतो. आधी एका रात्रीचे पैसे, मग ‘जीएसटीचे राहिले’, मग ‘रिफंड होणारी अनामत’. पावतीसारखं दिसणारं काहीतरी येतं. शिर्डीत काउंटरवर पोहोचल्यावर कळतं, असं बुकिंगच नाही. तोवर तो नंबर बंद झालेला असतो.

साईबाबा संस्थानचं अधिकृत संकेतस्थळ ‘साई डॉट ओआरजी डॉट इन’ आहे. तीनच अक्षरांचं ‘साई’, पुढे मागे काही जोडलेलं नाही. खोली, दर्शन पास आणि आरतीचं ऑनलाइन बुकिंग याच पत्त्याच्या पानांवरून होतं. द्वारावती, साई आश्रम, भक्तनिवास यांतलं जे हवं ते तिथे निवडा, दर तिथेच पाहा, पैसे तिथेच भरा. सर्वसाधारण रांगेतलं दर्शन मोफत आहे. त्याचे कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. जाताना फोटो असलेलं मूळ ओळखपत्र न्या, ज्याच्या नावाने बुकिंग आहे त्याचंच.

पत्ता ‘डॉट ओआरजी डॉट इन’ असल्याने इथे शेवट पाहून भागत नाही, पूर्ण पत्ता पाहावा लागतो. आणि पैसे भरताना दुसरी तपासणी आहे. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी खात्याचं नाव दिसतं. तिथे संस्थेऐवजी एखाद्या माणसाचं किंवा अनोळखी ‘एंटरप्रायझेस’चं नाव आलं तर परत फिरा. पिन टाकला नाही तोवर काहीच गेलेलं नाही.

नेवासा तालुक्यातल्या शनिशिंगणापूरचं उदाहरण ताजं आहे. देवस्थानच्या नावाने बनावट ॲप चालवून भाविकांकडून पूजेचे पैसे घेतल्याचा विषय २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत गेला. ॲपच्या दुकानात दिसतं म्हणून ते देवस्थानचं, असं धरू नका. ॲपखाली ते बनवणाऱ्याचं नाव असतं, तिथे ट्रस्टचं नाव आहे का ते पाहा. शंका असेल तर अभिषेकाचे पैसे तिथे जाऊनच भरा.

सातबारा: पाच मिनिटांचं काम

शोधात ‘महाभूलेख’ टाका. पत्त्याचा शेवट ‘महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन’ असा असलेलंच पान उघडा. विभाग विचारला तर नाशिक निवडा. पुण्याचं येणं-जाणं जास्त असलं तरी महसूल खात्यात आपला जिल्हा नाशिक विभागात आहे. पुणे विभागात शोधलं तर जिल्हाच सापडणार नाही. मग तालुका, गाव आणि गट नंबर. गट नंबर आठवत नसेल तर नावाने शोधता येतं. इथे दिसणारा उतारा फक्त माहितीसाठी आहे, पैसे लागत नाहीत.

बँकेला, सोसायटीला किंवा कोर्टात द्यायचा असेल तर ‘डिजिटल सातबारा’ टाका, पत्त्याचा शेवट तोच हवा. मोबाईल नंबरवर ओटीपी येतो, खात्यात थोडे पैसे जमा करा, १५ रुपये कापून उतारा मिळतो. लगेच उतरवून घ्या, फोनमध्ये आणि मेलवर ठेवा. त्यावर तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही. घेणाऱ्याला शंका असेल तर उताऱ्यावरचा पडताळणी क्रमांक त्याच संकेतस्थळावर टाकून तो तपासू शकतो. दिवसा पान अडकत असेल तर सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा करून पाहा.

बाहेरून काढून घेणार असाल तर केंद्रावर लावलेला दरफलक आधी वाचा आणि पावती घ्या. प्रिंटचे वेगळे, उताऱ्याचे वेगळे पैसे विचारा. १५ रुपयांच्या उताऱ्याला शंभर सांगितले तर त्यातले ८५ कशाचे, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दाखल्यांसाठी ‘आपले सरकार’ टाका. कोणत्या सेवेला कोणती कागदपत्रं, किती शुल्क आणि किती दिवस, ते त्या सेवेखालीच दिलेलं असतं. केंद्रावर जाण्याआधी ते पान वाचून, त्याचा फोटो काढून जा. ‘अजून एक कागद लागतो’ म्हणून होणारा दुसरा हेलपाटा त्यामुळे वाचतो.

बाजारभाव: तारीख नसेल तर भाव नाही

‘आजचे कांदा बाजारभाव’ टाकलं की व्हिडिओंची रांग लागते. मथळ्यात ‘आजचे’, आत तीन आठवड्यांपूर्वीचा लिलाव. त्यावर विश्वास ठेवून गाडी भरली तर भाड्याचा, हमालीचा आणि परतीचा खर्च अंगावर येतो. निकालाच्या वर ‘साधने’ किंवा ‘टूल्स’ नावाचं बटण असतं. त्यात वेळ निवडता येते, ‘मागील २४ तास’ करा. जुनं सगळं गळून पडतं.

त्याहून बरं म्हणजे मुळाशी जाणं. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय, तारखेसह आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन दर मिळतात. केंद्राचं ‘ॲगमार्कनेट’ही आहे. दोन्ही मोफत. वाचताना कमाल दराकडे पाहू नका, तो एखाद्या निवडक वक्कलाचा असतो. सर्वसाधारण दर आणि आवक हे दोन आकडे एकत्र पाहा, आणि नेप्ती, घोडेगाव, राहुरी यांतलं नेमकं कोणतं मार्केट ते तपासा. निघण्याआधी आडत्याला एक फोन कराच.

बियाणांबाबतही हेच. ‘फुले समर्थ’ किंवा ‘बसवंत ७८०’ टाकलं की घरपोच बियाणं देणाऱ्या जाहिराती येतात. ही वाणं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची. आधी विद्यापीठाचं संकेतस्थळ पाहा, विक्री केव्हा आणि कुठे ते तिथून घ्या. पिकावरच्या किडीचा फोटो टाकून शोधता येतं आणि कीड बऱ्याचदा ओळखूही येते, पण औषधाचं प्रमाण शोधातून घेऊन फवारू नका. बाभळेश्वर किंवा दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. नाहीतर किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१, फोन मोफत, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलता येतं.

हेल्पलाइनचा नंबर शोधू नका

हा एक नियम घरातल्या प्रत्येकाला सांगा. बँक, गॅस, वीज, मोबाईल, कुरिअर, यांचा ग्राहक सेवा क्रमांक शोधून फोन लावू नका. खोटे नंबर शोधाच्या निकालात आणि नकाशावरच्या नोंदींतही घातले जातात. नकाशावर कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. तुम्ही लावलेला फोन असल्याने समोरच्यावर तुमचा विश्वास आधीच बसलेला असतो. ‘काका, पैसे परत येतील, फक्त एक ॲप घ्या आणि मोबाईल चालू ठेवा.’ ते ॲप तुमचा पूर्ण स्क्रीन त्याला दाखवतं. ‘आता आलेला कोड वाचा.’ तिथे खातं रिकामं होतं.

बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकवर छापलेला असतो. महावितरणचा बिलावर असतो: १९१२ किंवा १८००-२१२-३४३५. आधारसाठी १९४७. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं रुग्णालय आहे ते विचारायला १५५३८८ किंवा १८००-२३३-२२००. रुग्णाला घेऊन निघण्याआधी हा फोन करा. ‘योजना लागू’ असा फलक रुग्णालयाच्या जाहिरातीत दिसला तरी तुमचा आजार तिथे बसतो का, हे इथेच कळेल. हे नंबर आजच फोनमध्ये नावासकट साठवा.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन विचारला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार आहेत. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, मग ती पीएम किसानच्या नावाची असो की लग्नपत्रिकेची, उघडू नका.

एक छुपा खर्च वेगळाच आहे. ‘मोफत’ पीडीएफ, कुंडली, बायोडेटा किंवा सराव परीक्षा देणारी पानं एक रुपया भरायला लावतात. त्या एका रुपयासोबत दर महिन्याच्या कपातीला तुमची मंजुरी जाते. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडा, तिथे चालू असलेल्या मंजुऱ्यांची यादी दिसते. ओळखीची नसेल ती रद्द करा.

पैसे गेलेच तर

लगेच १९३० लावा. दिवसरात्र चालू असतो. फोन लागला नाही तर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर तक्रार भरा. जवळ ठेवा: व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा नंबर, पानाचा पत्ता आणि स्क्रीनशॉट. चॅट पुसू नका. त्याच वेळी बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुम्ही स्वतः ओटीपी दिला असेल तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं आहे. कळवण्याआधीचं तुमचं. म्हणून लाजेपोटी रात्रभर थांबू नका. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ असं सांगणारे वकील आणि हॅकर शोधात सापडतात. त्यांना काही देऊ नका, ती दुसरी फसवणूक असते.

नेमकं शोधायचं असेल तर

चार युक्त्या पुरतात. अवतरण चिन्हं वर सांगितली. नको तो शब्द वजा चिन्हाने काढा: कर्जत -रायगड, वजानंतर मोकळी जागा नाही. एकाच संकेतस्थळात शोधायचं तर इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, लगेच अपूर्णविराम, लगेच पत्ता, मग मोकळी जागा सोडून तुमचा विषय. पत्त्याच्या जागी नुसतं ‘जीओव्ही डॉट इन’ टाकलं की फक्त सरकारी पानं येतात. दलालांच्या जाहिराती टाळायचा याहून जवळचा रस्ता नाही. फॉर्म हवा असेल तर इंग्रजीत ‘फाइलटाइप’, अपूर्णविराम, ‘पीडीएफ’.

शासन निर्णय मात्र गूगलवर नीट सापडत नाहीत. बरेच जुने निर्णय स्कॅन केलेले किंवा जुन्या फाँटमधले आहेत, त्यातली अक्षरं यंत्राला वाचता येत नाहीत. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख निवडून शोधा, किंवा निर्णयाचा सांकेतांक क्रमांक टाका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या निर्णयावर असा क्रमांक नसेल किंवा तो टाकून काही मिळत नसेल तर तो पुढे पाठवू नका. विद्यार्थ्यांना मराठी विश्वकोश आणि शासनाचे शब्दकोश मोफत उपलब्ध आहेत. निबंधाच्या पानांआधी ते पाहा.

सापडलंच नाही तर

रस्त्याचं काम कुणाला दिलं, ग्रामपंचायतीला किती निधी आला, तुमचा अर्ज कुणाच्या टेबलावर आहे, हे शोधयंत्र सांगणार नाही, कारण ते कुठल्याच पानावर टाकलेलं नसतं. तिथे माहिती अधिकार वापरा. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी चालवलेल्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात हा कायदा केंद्राच्या आधी आला. आपल्या जिल्ह्याने तरी तो वापरायला कचरू नये. शोधात ‘आरटीआय ऑनलाइन महाराष्ट्र’ टाका, शेवट ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का पाहा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. वकील लागत नाही, कारण सांगावं लागत नाही. ‘का’ विचारू नका, ‘कोणत्या तारखेला, कोणत्या आदेशाने, किती’ असं विचारा आणि कागदांच्या प्रती मागा; प्रत पानाला २ रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याचं शुल्क २० रुपये.